दोन भाषांतील एक दानपत्र

मध्ययुगाचा इतिहास आपण बहुधा स्वाऱ्यांच्या क्रमाने शिकतो. कोणी कोठे चाल केली, कोणते नगर लुटले, कोणाचे सिंहासन गेले आणि कोणाचे आले, ही त्या इतिहासाची प्रकरणे होत. ती खोटी नाहीत. परंतु दोन स्वाऱ्यांच्या मध्ये जी शे-दोनशे वर्षे जातात, त्या काळात माणसे काय करीत होती, कोणाशी व्यवहार करीत होती आणि परक्या माणसाला आपल्या वेशीजवळ कोणत्या अटींवर राहू देत होती, हे त्या प्रकरणांतून कळत नाही. ते कळते ताम्रपटांतून, शिलालेखांतून आणि व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या हकीकतींतून. आयुष्याची बरीच वर्षे दप्तराच्या सहवासात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास या जुन्या दस्तऐवजांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. अशाच एका दस्तऐवजाचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

हा दस्तऐवज सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सोमनाथ पाटण येथील आहे. सोमनाथाचे नाव घेताच 1026 साल आठवते. त्या वर्षीच्या जानेवारीत गझनीच्या महमुदाने तेथील देवालय उद्ध्वस्त केले. त्यानंतर 238 वर्षांनी, म्हणजे 1264 साली, त्याच सोमनाथ पाटणात एका इराणी मुसलमान व्यापाऱ्याने मशीद बांधली आणि तिच्या खर्चाची कायमची व्यवस्था करणारे दानपत्र दगडावर कोरून घेतले. हे दानपत्र दोन भाषांत आहे. संस्कृत लेख वेरावळच्या हर्षदमातेच्या देवालयात सापडला; अरबी लेख पाटणातील एका मशिदीत होता. विषय एकच, दाता एकच. परंतु दोन्ही लेखांचा सूर मात्र एक नाही. हा भेद का पडला, आणि तो असूनही व्यवहार कसा सुरळीत पार पडला, याचा विचार केला तर मध्ययुगीन सागरी व्यापाराचे मर्म पुष्कळसे उलगडते.

प्रथम दात्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव नूरुद्दीन फिरोज. संस्कृत लेखात त्याचे रूप ‘नोरदीन पीरोज’ असे झाले आहे. तो इराणच्या किनाऱ्यावरील होर्मुझ बंदराचा रहिवासी. लेखात त्याला ‘नौवित्तक’ म्हणजे नौका हेच ज्याचे धन आहे असा माणूस म्हटले आहे. फारसीत अशा जहाजमालकास ‘नाखुदा’ म्हणत. आपल्या कोकणच्या कोळ्यांच्या तोंडी असलेला ‘नाखवा’ हा शब्द त्याच नाखुदाचा वंशज होय. समुद्रावरून माल येतो, तसे शब्दही येतात, आणि माल संपून गेला तरी शब्द किनाऱ्यावर राहतात.

होर्मुझहून हिंदुस्थानात येणाऱ्या मालात सर्वांत मोलाचा माल होता घोडा. आपल्या उष्ण व दमट हवेत उत्तम जातीच्या घोड्यांची पैदास होत नसे, आणि घोडदळावाचून तर कोणत्याही राजाचे चालत नसे. गुजरातचे वाघेले, देवगिरीचे यादव, दक्षिणेतील पांड्य, सर्वांनाच अरबी व इराणी घोडे हवे असत. जी जहाजे घोडे आणीत, ती परतताना कापड, मिरी आणि मसाल्याचे पदार्थ घेऊन जात. हा सारा व्यवहार वाऱ्याच्या वेळापत्रकाने बांधलेला होता. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे मिटत, आणि परतीचा अनुकूल वारा हाती येईपर्यंत परदेशी व्यापाऱ्यास महिनेच्या महिने येथेच मुक्काम करावा लागे. पुष्कळजण तर कायमचे स्थायिक होत. साहजिकच त्यांना घर हवे, वखार हवी, तंटा मिटविणारा कोणीतरी हवा, प्रार्थनेची जागा हवी आणि मेल्यावर पुरण्यास भूमीही हवी. या गोष्टी तलवारीच्या बळावर मिळविणे त्यांना शक्य नव्हते. त्या मागून, विकत घेऊन आणि लिहून घेऊनच मिळवाव्या लागत.

नूरुद्दीन फिरोजाने नेमके हेच केले. सोमनाथ पाटणाच्या बाहेर त्याने जमीन मिळविली. ती त्याला दिली छाडा नावाच्या स्थानिक प्रतिष्ठिताने, आणि लेखात या छाडाचा उल्लेख फिरोजाचा ‘धर्मबांधव’ असा केला आहे. परंतु केवळ मित्राने जमीन दिली म्हणजे भागले असे नाही. नगराचा कारभार पंचकुल नावाचे मंडळ पाहत असे, त्याची संमती आवश्यक होती. या पंचकुलाचा प्रमुख कोण होता? वीरभद्र नावाचा पाशुपत आचार्य, म्हणजे सोमनाथाच्या क्षेत्रातील शैव पंथाचा एक अधिकारी पुरुष! ज्या क्षेत्राने महमुदाचा घाव सोसला होता, त्याच क्षेत्राच्या धर्माधिकाऱ्याच्या संमतीने तेथे मशीद उभी राहिली. राज्य होते अणहिलवाडच्या अर्जुनदेव वाघेल्याचे, आणि लेखात त्याच्या नावाबरोबरच होर्मुझचा अमीर रुक्नुद्दीन याचेही नाव आदराने नोंदलेले आहे.

आता या दस्तऐवजाची घडण पाहा. आरंभी काळाची नोंद आहे, आणि ती एक नव्हे, चार गणनांनी केलेली आहे: हिजरी 662, विक्रम संवत 1320, वलभी संवत 945 आणि सिंह संवत 151. आपल्या पंचांगाप्रमाणे ती तारीख रविवार, 25 मे 1264 अशी येते. चार प्रकारचे लोक हा लेख वाचणार, आणि पुढे कोणीही ‘ही गणना आम्हांस मान्य नाही’ असे म्हणू नये, एवढी दक्षता लिहिणाऱ्याने घेतली आहे. पुढे मशिदीच्या उत्पन्नाची साधने दिली आहेत. बकुलेश्वर देवालयाच्या मालकीची घरांसह असलेली जागा, एक तेलाचा घाणा आणि मशिदीसमोरील दोन दुकाने, असे हे उत्पन्न होय. ही मालमत्ता फिरोजाने रीतसर विकत घेतली होती. त्या उत्पन्नातून दिवाबत्तीचे तेल, पाणी, इमाम व बांग देणारा यांचे वेतन, कुराणपठण, नाखव्यांच्या रिवाजाप्रमाणे होणारे सणाचे दिवस, इमारतीची डागडुजी व चुना, हा सर्व खर्च भागवावयाचा. हे सारे करून काही शिल्लक उरली तर ती मक्का-मदिनेस पाठवावयाची. आणि या विश्वस्तनिधीवर देखरेख कोणाची? तर गावातील मुसलमानांच्या जमातीची. तिच्यात नाखवे व खलाशी आहेत, तेली आहेत, चुन्याचे काम करणारेही आहेत. याचा अर्थ असा की, पाटणातील मुसलमान वस्तीत परदेशी श्रीमंतांच्या जोडीला किनाऱ्यावर राबणारी साधी माणसेही होती, आणि स्वतःच्या धर्मस्थळाचा कारभार त्यांनी स्वतःच पाहावा हे राजसत्तेस मान्य होते.

येथवर सारे दोन्ही पक्षांस सोयीचे आहे. आता त्या सूरभेदाकडे वळू. संस्कृत लेखाच्या प्रारंभी परमेश्वरास वंदन आहे. ते कोणत्या नावाने? विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप या नावांनी. मुसलमानांचा अल्ला निराकार आहे, ही गोष्ट सांगण्यासाठी पंडिताने आपल्याच परंपरेतील शब्द शोधून काढले. विश्वनाथ हे तर शिवाचेही नाव! सोमनाथाच्या भक्ताने हा लेख वाचला असता तर त्याला त्यात परके असे काही वाटले नसते. पैगंबरास लेखात ‘बोधक’ म्हटले आहे. तोही आपल्या कानांस ओळखीचाच शब्द. याच्या उलट सुमारे दोन महिन्यांनंतरच्या, रमजान महिन्यातल्या, अरबी लेखात दात्याचे वर्णन मोठमोठ्या पदव्यांनी केलेले असून, हे नगर इस्लामचे नगर व्हावे आणि तेथील मूर्तिपूजा नाहीशी व्हावी, अशी प्रार्थनाही केलेली आहे.

हा भेद पाहून काही अभ्यासक केवळ संस्कृत लेख पुढे करतात आणि सर्वधर्मसमभावाचे एक सुंदर चित्र रंगवितात; काही जण केवळ अरबी लेखावर बोट ठेवतात आणि मनातील वैर अखेर बाहेर पडलेच, असे म्हणतात. मला वाटते, दोन्ही लेख एकत्र वाचले पाहिजेत. अरबी मजकूर हा त्या काळच्या मशिदीवरील लेखांच्या साच्यातला आहे, आणि तो स्वधर्मीयांना उद्देशून लिहिलेला आहे. संस्कृत मजकूर राजाला, पंचकुलाला आणि शेजाऱ्यांना उद्देशून आहे. दोघांचीही श्रद्धा आपापल्या ठिकाणी पक्की होती. कोणी ती सोडली नाही, की दुसऱ्यासाठी पातळही केली नाही. तथापि जमीन, दुकान, घाणा, वेतन आणि शिल्लक यांविषयी मात्र दोघांचे एकमत होते, आणि ते एकमत दगडावर कोरून ठेवण्याइतका परस्परांवर भरवसा होता. मनातील प्रार्थना वेगळी असली तरी वेशीवरचा करार पाळता येतो, हे या दोन दगडांवरून दिसते.

हा काही एकट्या सोमनाथचा अपवाद नव्हे. आपल्या कोकणचेच उदाहरण घ्या. 916 साली मसूदी हा अरब प्रवासी राष्ट्रकूटांच्या राज्यातील सैमूर, म्हणजे चौल, येथे आला तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांच्यावर त्यांच्यातीलच एक प्रमुख राजा नेमीत असे, आणि त्यांचे तंटे तो तोडीत असे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला 926 सालचा ताम्रपट तर याहून बोलका आहे. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूट राजाने मधुमति नावाचा ‘ताजिक’ अधिकारी नेमला होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. या मुसलमान अधिकाऱ्याने लोकांसाठी विनामूल्य नावेची व अन्नछत्राची सोय केली आणि देवीच्या मठास भूमीचे दान दिले. गोव्याच्या कदंबांच्या ताम्रपटांतही अशीच एक हकीकत आहे. एक कदंब राजा समुद्रमार्गाने सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत त्याच्या नौकेची डोलकाठी मोडली, आणि गोव्याच्या बंदरात त्याच्या साह्यास धावून आला तो एक धनाढ्य ताजिक व्यापारी. पुढे त्या व्यापाऱ्याच्या नातवास जयकेशी राजाच्या कारकीर्दीत मोठा अधिकार मिळाला.

अर्थात या सर्वांमागे निव्वळ औदार्य होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. बंदराच्या जकातीवर राजाचा खजिना भरत असे, आणि व्यापारी दुखावला तर तो आपले जहाज शेजारच्या बंदरात नेई. परंतु हा हितसंबंधही सर्वच राजांना कळत होता असे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहून ठेवले आहे की, त्याने समुद्रावरच्या चाच्यांशी संधान बांधले होते. लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा! राजाला हे शोभत नाही, असा शेराही त्याने मारला आहे.

भरवसा तुटतो तेव्हा काय होते आणि तो पुन्हा कसा जोडावा लागतो, याची एक हकीकत औफी या फारसी ग्रंथकाराने सांगितली आहे. सिद्धराज जयसिंहाच्या कारकीर्दीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, खंबायत येथे दंगल होऊन मशीद जळाली आणि ऐंशी मुसलमान मारले गेले. तेथील खतीब दाद मागण्यासाठी राजाकडे गेला. दरबारी मंडळी त्याची गाठ पडू देईनात, तेव्हा राजा शिकारीस निघाला असता त्याने वाटेतच त्याला अर्ज दिला. राजाने अंतःपुरात राहण्याचे निमित्त केले, उंटावर बसून एकट्याने खंबायत गाठले, व्यापाऱ्याच्या वेषात बाजारात चौकशी केली आणि परतताना समुद्राच्या पाण्याने भरलेले एक भांडे बरोबर आणले. दरबारात त्या खतीबास खोटे ठरविण्याचा प्रयत्न होताच राजाने ते पाणी चाखावयास दिले. ते खारट लागले, आणि राजा स्वतः जाऊन आला आहे हे सर्वांना उमगले. अपराध्यांना शिक्षा झाली आणि मशीद पुन्हा बांधण्यास राजाने द्रव्य दिले. ही हकीकत सांगणारा औफी स्वतः खंबायतेत राहिलेला होता. परकीयाच्या लक्षात काय राहिले, तर राजाने स्वतः चौकशी केली, ही गोष्ट.

सोमनाथचा लेख कोरला गेला त्यानंतर 35 वर्षांनी, 1299 साली, अल्लाउद्दीन खलजीच्या सैन्याने गुजरात जिंकला आणि सोमनाथावर पुन्हा घाव पडला. वाघेल्यांचे राज्य लवकरच लयास गेले. जो करार चंद्रसूर्य असेतो चालावा अशी त्याच्या कर्त्यांची इच्छा होती, त्याला मान्यता देणारी राजसत्ता दोन पिढ्याही टिकली नाही. म्हणून त्या कराराचे मोल कमी होते काय? मला तसे वाटत नाही. स्वारी करणारा सेनापती आणि जमीन विकत घेणारा नाखवा हे दोघे एकाच धर्माचे असतील. परंतु एक आला तो घेऊन जाण्यासाठी आणि दुसरा आला तो राहण्यासाठी. या दोघांना एकाच मापाने मोजण्याची चूक पाटणच्या पंचकुलाने केली नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या घावाचा हिशेब त्यांनी होर्मुझच्या व्यापाऱ्याकडून मागितला नाही. त्याच्याकडून रास्त किंमत घेतली, साक्षीदार घातले, आणि चार शकांत तारीख लिहून दिली.