लेक निघाली कळसूबाईला!
"आई, मैत्रिणींबरोबर कळसूबाईला जाऊ?" दसऱ्याच्या सुटीत कॉलेजातल्या लेकीनं असं विचारलं, की आपला पहिला शब्द 'नको'! पण मैत्रिणींनो, १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट चढते; अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही चढतात. लोककथेतली कळसू तर केर-भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिली. अट मोडताच डोंगरावर निघून गेली! लेकीला पाणी, गूळ-शेंगदाणे बरोबर द्या. गर्दीत शिड्यांवर घाई नको, उजेड असतानाच उतरा, असं बजावा. खंडेनवमीला शिखर गाठलेली पोर दसऱ्याला घरोघरी सोनं वाटेल, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं तेज बघा. आणि पुढच्या वर्षी तुम्हीही निघा की!