नोकरीच्या पाच चाळण्या

घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली म्हणजे आता लौकरच नोकरीस लागेल, अशी आईबापांची स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु पदवी आणि पहिला पगार यांच्यामध्ये आज एक लांब वाट पडलेली आहे, आणि त्या वाटेची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांस बहुधा नसते. मुलगा फोनवर सांगतो, "तिसरी फेरी झाली, आता चौथी आहे." वडील मनात म्हणतात, एका नोकरीसाठी माणसाला बोलवावयाचे तरी किती वेळा? पोराचे पाणी कोठे तरी कमी पडत असावे, किंवा तो आपल्यापासून काही लपवीत असावा. असा संशय एकदा घरात शिरला म्हणजे मुलाची खरी परीक्षा कंपनीत न होता घरातच सुरू होते. म्हणून ही वाट कशी असते, हे आज आम्ही आमच्या वाचकांपुढे सविस्तर मांडीत आहोत.

आमच्या खानदेशातील पुष्कळ तरुण आता इंदूरला जातात. शिरपूरहून आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढला की पुण्यापेक्षा इंदूर कितीतरी जवळ. होळकरांची ही नगरी. तेथे मराठी बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यामुळे आपल्या मुलांस ती अगदीच परकी वाटत नाही. १९५२ साली स्थापन झालेले गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण महाविद्यालय तेथे आहे, २००९ पासून आयआयटी आहे. इन्फोबीन्स ही संगणक कंपनी २००० साली इंदुरातच जन्मास आली. खंडवा रोडला क्रिस्टल आयटी पार्क आहे, तर सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची विस्तीर्ण आवारे आहेत. भंवरकुआं भागात मुले खोल्या घेऊन राहतात, सकाळी पोहे खाऊन लॅपटॉप उघडतात आणि एकामागून एक अर्ज भरू लागतात.

पहिली चाळणी अर्जाचीच. पुष्कळ मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के गुणांची अट घालतात. एखाद्या वर्षी आजारपणामुळे किंवा शेतीच्या कामामुळे गुण घसरले असतील, तर ते ऐकून घेण्यास तेथे कोणी माणूस बसलेला नसतो. यंत्रच अर्ज बाजूला सारते.

दुसरी चाळणी ऑनलाइन परीक्षेची. तीत गणित, इंग्रजी, तर्कबुद्धी आणि थोडे प्रोग्रॅम लिहिणे असते. घड्याळ चालू असते, आणि उमेदवार इकडे तिकडे पाहतो की काय यावर लॅपटॉपचा कॅमेरा नजर ठेवतो. मागून कोणी बोलले किंवा खोलीत कोणी डोकावले, तरी शंका घेतली जाते.

तिसरी चाळणी तांत्रिक मुलाखतीची. खरा कस येथे लागतो. समजा, असा प्रश्न आला की गावच्या मतदारयादीत एक हजार नावे आहेत, त्यांत कोणाचे नाव दोनदा आले आहे ते शोधून दाखव. प्रत्येक नाव बाकीच्या सर्व नावांशी ताडून पाहावयाचे म्हटले तर जवळजवळ पाच लाख वेळा ताडावे लागेल. परंतु यादी आधी अकारविल्हे लावून घेतली, तर सारखी नावे शेजारी शेजारी येतात. यादी लावण्याचे श्रम धरूनही काम दहा-अकरा हजारांत आटोपते. मुलाखत घेणाऱ्यास केवळ उत्तर नको असते. मुलगा विचार कसा करतो, अडला तर काय करतो, आणि "हे मला ठाऊक नाही" असे सरळ म्हणू शकतो की नाही, हे त्यास पाहावयाचे असते.

चौथी चाळणी व्यवस्थापकाची. रात्रपाळी चालेल काय, घर सोडून चेन्नईस जाशील काय, सोबत्याशी मतभेद झाला तर काय करशील, असे प्रश्न येतात. पाचवी चाळणी एच. आर. खात्याची. पगार, कामाचे ठिकाण, करारपत्र आणि कागदपत्रे यांची बोलणी तेथे होतात. जो आधीच कोठे नोकरीस आहे त्याची गोष्ट आणखी निराळी. त्यास जुन्या ठिकाणी साठ किंवा नव्वद दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि पूर्वीच्या नोकरीची तपासणीही होते.

इतक्या चाळण्या कशासाठी, असे कोणी विचारील. एका जागेसाठी अर्ज फार येतात, हे एक कारण. चुकीचा माणूस घेतला तर त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च वाया जातो, ही धास्ती दुसरे. तथापि फेऱ्या वाढविल्या म्हणजे निवड अधिक चांगली होतेच असे नाही. अमेरिकेतील गूगल कंपनी पूर्वी एकेका उमेदवाराच्या डझनभर मुलाखती घेत असे. पुढे तिने आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसून आले की चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीचा निर्णय करता येतो. त्यापुढील प्रत्येक मुलाखतीने पडणारी भर अगदीच अल्प असते. तेव्हा जेथे सहावी-सातवी फेरी होते, तेथे उमेदवाराचे वजन अधिक बारकाईने होते असे समजण्याचे कारण नाही. बहुधा कंपनीचाच निर्णय होत नसतो.

जुना काळ मात्र सर्वस्वी चांगला होता असेही आम्ही म्हणणार नाही. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. पुढे लेखिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ती यांनी त्याबद्दल थेट जे. आर. डी. टाटा यांस पोस्टकार्ड लिहिले. त्यांस पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरी मिळाली. मुलाखत थोडक्यात आटोपली खरी. परंतु ते पोस्टकार्ड लिहिण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांना दार बंदच होते. टीसीएसने २०१८ साली देशभरासाठी एकच पात्रता परीक्षा सुरू केली, तेव्हा ज्या लहान महाविद्यालयांत कंपन्या कधी फिरकत नसत तेथील मुलांसही वाट मोकळी झाली. ज्याचा कोणी ओळखीचा नाही अशा खेड्यातील मुलास ही चाळणी कष्टाची असली तरी ती शिफारसपत्रापेक्षा बरी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पाचही चाळण्या पार पडून नियुक्तीचे पत्र हाती आले, तरी नोकरी लागली असे समजू नये. इन्फोसिसने २०२२ साली ज्यांस पत्रे दिली त्यांतील सुमारे दोन हजार मुले दोन वर्षे रुजू होण्याची वाट पाहत होती. पुण्याच्या नाइट्स या संघटनेने २०२४ साली श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली. दिलेले प्रत्येक पत्र पाळले जाईल असे कंपनीने सांगितले, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत मुलांस म्हैसूरला बोलावणे आले. तेथेही परीक्षा होत्या. तीन वेळा प्रयत्न करूनही उत्तीर्ण न झालेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींस फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी परतावे लागले. २०२३ च्या आरंभी विप्रोने साडेसहा लाखांचे पत्र मिळालेल्या नवोदितांपुढे साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय ठेवला होता. या घटना आम्ही कोणास भिववण्यासाठी सांगत नाही. पत्र आले म्हणून पेढे वाटावे, परंतु त्या पत्राच्या भरवशावर कर्ज काढू नये, बहिणीच्या लग्नाची तारीख ठरवू नये, आणि हातातली नोकरी असेल तर रुजू होण्याची तारीख लेखी मिळाल्यावाचून ती सोडू नये.

घरच्यांनी काय करावे, हेही सांगतो. मुलगा गावी असताना परीक्षा किंवा मुलाखत असेल, तर त्या दोन तासांपुरती घरातली एक खोली त्यास द्यावी. टीव्ही बंद ठेवावा, पाहुण्यांस ओटीवर बसवावे. विजेचा भरवसा नसेल तर आधीच तालुक्याच्या गावी कोणा नातेवाइकाकडे त्याची सोय करावी. मुलाखत संपताच "काय झाले?" म्हणून घेरू नये, बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसते. शेजारच्या मुलाचा दाखला तर मुळीच देऊ नये. जो मुलगा चौथ्या चाळणीत मागे राहिला, तो आधीच्या तीन पार करून तेथे पोहोचला होता, ही गोष्ट घरात कोणीतरी त्यास मोठ्याने सांगितली पाहिजे.

मुलीच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे. "इतक्या फेऱ्या झाल्या, अजून काही नाही, आता स्थळ पाहू" असे बोलणे घरोघर ऐकू येते. कंपनीच्या दिरंगाईचा दंड मुलीने का भरावा? मुलग्यास जितकी वर्षे आपण देतो तितकी तिलाही द्यावी.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. टीसीएस काय किंवा इन्फोसिस काय, नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, असे या कंपन्या स्वतःच जाहीर करतात. "शेवटची फेरी मी करून देतो, अनामत भरा" असे सांगणारा मनुष्य कितीही गोड बोलला तरी त्यास उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. मूळ प्रमाणपत्रे तपासणीस दाखवावी, परंतु कोणाच्या हवाली करू नयेत.

तरुणांस आमचे सांगणे थोडकेच. प्रत्येक फेरीची तारीख आणि विचारलेले प्रश्न वहीत टिपून ठेवा. पाच ठिकाणी नकार आले म्हणजे वही उघडून पाहा. पाचही नकार एकाच चाळणीत आले असतील, तर अभ्यास कोठे करावयाचा ते कळेल. अनुभवाचा खोटा दाखला जोडू नका. तो तपासणीत उघडा पडतो आणि मिळालेली नोकरी जाते. वाट पाहण्याच्या महिन्यांत हाताला मिळेल ते प्रामाणिक काम करा. बापाबरोबर शेतात उभे राहिल्याने कोणाची पदवी मळत नाही.

आमच्या वाचकांत असेही काही आहेत, जे आज स्वतः मोठ्या हुद्द्यावर बसून इतरांच्या मुलाखती घेतात. त्यांस आमची विनंती आहे की निवड झाली नसेल तर दोन ओळींचे उत्तर अवश्य पाठवावे. नकार आला की माणूस दुसरे दार ठोठावतो. उत्तरच आले नाही म्हणजे तो आठवडेच्या आठवडे फोनकडे डोळे लावून बसतो, आणि त्याच्याबरोबर गावाकडे त्याची आईही बसते.