विंचवाचे विष आणि संशोधनाचे मोल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या माळरानी गावांत, कडब्याखाली वा दगडी गडग्यात दडणाऱ्या तांबड्या विंचवाने नांगी मारली म्हणजे त्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या उघड्या राहतात, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो, रोग्यास दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि अखेर हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते.

रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रोग्यांच्या उशाशी बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा क्रम न्याहाळला. आणि ती द्रव्ये ज्या अल्फा ग्राहींवर आघात करतात, त्यांचीच वाट अडविणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यांनी योजिले. ‘लॅन्सेट’ने १९८२ साली त्यांची निरीक्षणे व १९८६ साली हा उपचार प्रसिद्ध केला; २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील ७० रोग्यांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हे दिसून आले.

अशा संशोधन-लेखांचा आधार घेऊन इतर संशोधक जे दाखले देतात, त्यांच्या गणतीवरून विद्वत्तेचे मोजमाप होते. एखाद्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस दाखले मिळाले, तर त्याचा ‘एच-निर्देशांक’ निदान वीस ठरतो. परंतु वाचलेल्या प्राणांची नोंद या दप्तरात होत नाही.

हा उपचार आता हाताशी आहे; म्हणून वाचकहो, विंचू चावल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.