देणगी नेमकी कुठे अडते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दुर्गोत्सवाची ख्याती राज्यभर आहे. त्याच्या मंडपांत पावतीपुस्तकाशेजारी आता क्यूआर कोडचा फलकही दिसू लागला आहे. राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात शेतकरी विधवांसाठी किंवा कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांनाही या सोयीचा मोठा आधार आहे. पुण्यात नोकरी करणारा गावचा मुलगा दोन मिनिटांत पैसे पाठवू शकतो. वर्गणी मागत दारोदार फिरण्याचे कष्ट वाचले, हिशेबही चोख झाला.

पण एखाद्या संस्थेभोवती वाद उठतो आणि तिच्याकडे जाणारे पैसे एकदम थांबतात. मग गावोगावी चर्चा सुरू होते. कोणी म्हणते सरकारने बंदी घातली, कोणी म्हणते संस्थेत काळेबेरे सापडले. प्रत्यक्षात दात्याच्या मोबाइलपासून संस्थेच्या खात्यापर्यंत पैसा अनेक हातांतून जातो. दात्याची बँक, ॲप, पेमेंट गेटवे, कार्डाचे जाळे किंवा यूपीआय चालवणारे राष्ट्रीय भुगतान निगम आणि शेवटी संस्थेची बँक. या सगळ्यांवर रिझर्व्ह बँक, केंद्रीय गृह मंत्रालय, पोलिस आणि सक्तवसुली संचालनालय यांचे वेगवेगळे अधिकार चालतात. पैसा यांपैकी कोणी अडवला हे कळल्याशिवाय दाद कुठे मागायची हे कळत नाही. या विषयातले बहुतेक गैरसमज हे हात एकच समजण्यातून जन्मले आहेत.

गैरसमज: कंपनीने देणगी बंद केली, म्हणजे संस्थेचा गुन्हा सिद्ध झाला.

वस्तुस्थिती: जगात सर्वाधिक गाजलेले उदाहरण नेमके याच्या उलट आहे. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस विकिलीक्सने अमेरिकी वकिलातींचे गोपनीय संदेश उघड करायला सुरुवात केली. काही दिवसांतच पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी विकिलीक्सकडे जाणाऱ्या देणग्या थांबवल्या. बँक ऑफ अमेरिकाही त्यात सामील झाली. कोणत्याही न्यायालयाने तसा आदेश दिलेला नव्हता. संस्थेचे नाव आर्थिक निर्बंधांच्या यादीत घालण्याजोगा आधार नसल्याचे जानेवारी २०११ मध्ये खुद्द अमेरिकेच्या अर्थखात्याने कळवले. तरीही कंपन्यांची दारे बंदच राहिली. आपले ९५ टक्के उत्पन्न बुडाल्याचे विकिलीक्सने जाहीर केले.

आइसलँडमध्ये मात्र हे प्रकरण न्यायालयात गेले. विकिलीक्ससाठी देणग्या स्वीकारणाऱ्या डेटासेल या कंपनीने व्हिसा आणि मास्टरकार्डचे व्यवहार पाहणाऱ्या व्हॅलिटर या स्थानिक कंपनीवर दावा लावला. करार असा एकतर्फी मोडता येत नाही, सेवा पुन्हा सुरू करा, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. कंपनीचा निर्णय हा व्यापारी निर्णय असतो. तो चुकीचाही ठरू शकतो.

गैरसमज: हे एकाच विचाराच्या संघटनांच्या वाट्याला येते.

वस्तुस्थिती: २०२२ च्या आरंभी कॅनडात कोविड निर्बंधांविरोधात ट्रकचालकांनी राजधानी ओटावा अडवली. त्यांचा विचार विकिलीक्सच्या समर्थकांपेक्षा पार निराळा होता. गोफंडमी या संकेतस्थळावर त्यांच्यासाठी एक कोटी कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमली होती. ४ फेब्रुवारीला कंपनीने ती मोहीम बंद केली. १४ फेब्रुवारीला सरकारने आणीबाणी कायदा लावला आणि न्यायालयीन आदेशाशिवाय आंदोलकांची खाती गोठवण्याची मुभा बँकांना मिळाली. हा कायदा लावणे अवाजवी होते, असे तिथल्या फेडरल कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. आज नावडत्या संघटनेचा पैसा अडला म्हणून समाधान मानणाऱ्याने ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

गैरसमज: परदेशातून आलेला प्रत्येक पैसा म्हणजे ‘विदेशी देणगी’.

वस्तुस्थिती: भारतात विदेशी देणग्यांसाठी विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, म्हणजे एफसीआरए आहे. तो पैसा कुठून आला यापेक्षा देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे हे पाहतो. राळेगावची एखादी मुलगी अमेरिकेत नोकरी करते, पण तिचा पासपोर्ट भारतीय आहे. तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी ठरत नाही. तिच्याच भावाने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याने यवतमाळला येऊन रुपयांत दिलेली देणगीसुद्धा विदेशी ठरते.

पेमेंट गेटवेला दात्याचा पासपोर्ट दिसत नाही, दिसते ते कार्ड. त्यामुळे एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेसाठी परदेशी कार्डे सरसकट बंद ठेवणे हाच त्याला सोपा मार्ग असतो. दात्याला मात्र ‘संस्था अडचणीत आहे’ असे वाटते.

गैरसमज: एफसीआरए नोंदणी गेली की संस्थेची सगळी खाती गोठतात.

वस्तुस्थिती: नोंदणी गेली की विदेशी पैसा थांबतो. देशातल्या दात्यांकडून देणगी घेण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेची नोंदणी गृह मंत्रालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द केली. संस्थेची देशी खातीही अडकली. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मोकळी करायला सांगितले. त्याआधी २०१५ मध्ये ग्रीनपीस इंडियालाही दिल्ली उच्च न्यायालयाने देशी खाती वापरण्याची परवानगी दिली होती.

डिसेंबर २०२१ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले, तेव्हा ‘केंद्राने सगळी खाती गोठवली’ अशी बातमी पसरली. आपण खाती गोठवलेली नाहीत, संस्थेनेच स्टेट बँकेला तशी विनंती केली होती, असा खुलासा मंत्रालयाने केला. जानेवारी २०२२ मध्ये नोंदणी पूर्ववत झाली.

गैरसमज: रास्ता रोको करणारी संघटना राजकीय असते, तिला विदेशी देणगी मिळूच शकत नाही.

वस्तुस्थिती: कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या विदर्भाला हा मुद्दा जवळचा आहे. २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो अशा मार्गांचा नेहमी अवलंब करणाऱ्या संघटनेला राजकीय स्वरूपाची ठरवण्याची तरतूद होती. इन्साफ या संस्थेने तिला आव्हान दिले. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीला मर्यादा घातली. पक्षीय राजकारणाचा हेतू नसताना लोकांच्या प्रश्नासाठी असे मार्ग वापरले, तर तेवढ्यावरून संघटनेला विदेशी देणगी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नोंदणीची अट मात्र सगळ्यांनाच लागू राहते.

गैरसमज: न्यायालयाच्या आदेशाशिवाय खाते गोठवता येत नाही.

वस्तुस्थिती: येते, आणि हा कायदा महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने पक्का झाला. पोलिसांना बँक खाते जप्त करण्याचा अधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी’ या खटल्यात १९९९ मध्ये ते फिरवले. बँक खाते ही मालमत्ता आहे, गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर तपास अधिकारी ते गोठवू शकतो, असा तो निकाल होता. मुंबईच्या सबरंग ट्रस्टची खाती अहमदाबाद पोलिसांनी २०१४ मध्ये याच अधिकारात गोठवली. ट्रस्टच्या विश्वस्त तिस्ता सेटलवाड यांनी आरोप फेटाळले, पण खाती मोकळी करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नाकारली. हा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. खातेदाराचा हक्क इथूनच सुरू होतो.

गैरसमज: ऑनलाइन देणगी गुप्त राहते.

वस्तुस्थिती: दानपेटीत टाकलेल्या नोटेला नाव नसते, यूपीआयला असते. जुलै २०२२ मध्ये आल्ट न्यूज या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की रेझरपे या गेटवेने आपल्याला न कळवता देणगीदारांची माहिती पोलिसांना दिली. पोलिसांचा लेखी आदेश होता आणि कायद्याने तो पाळणे भाग होते, असे रेझरपेचे म्हणणे होते. शिवाय ८० जी कलमाखाली करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारांचा तपशील दरवर्षी आयकर खात्याकडे भरावा लागतो. देणगी देणे हा गुन्हा नाही. पण नोंद राहते हे दात्याला आधीच माहीत असायला हवे.

गैरसमज: हा मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती: सर्वांत मोठा फटका लहान संस्थांनाच बसला. २०२० च्या दुरुस्तीपूर्वी एखादी मोठी संस्था विदेशी निधीतला वाटा तालुक्यातल्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत असे. दुरुस्तीने ते पूर्णपणे थांबवले. विदेशी देणगी स्वीकारण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच खाते उघडणेही सक्तीचे झाले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. स्वतंत्र नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. गावपातळीवरच्या कितीतरी संस्था या आकड्याच्या जवळही पोहोचत नाहीत.

म्हणून पैसा अडला की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे लेखी विचारणा. कोणी अडवला, कोणत्या कलमाखाली, किती रकमेपुरता? अडथळा बँकेच्या सेवेतला असेल आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पोलिसांचा आदेश असेल तर दंडाधिकारी आणि त्यानंतर उच्च न्यायालय. मुंबईतल्या नामवंत वकिलांच्या संस्थेलाही स्वतःचे देशी खाते परत मिळवायला उच्च न्यायालय गाठावे लागले. राळेगावच्या संस्थेसाठी ते न्यायालय नागपूर खंडपीठात आहे, वकिलाची फी आहे आणि तोवर थांबलेले कार्यकर्त्यांचे मानधनही आहे. खाते गोठवताना कारण लेखी मिळावे, वादातल्या रकमेपुरतीच कारवाई व्हावी आणि सुनावणीला मुदत असावी, ही मागणी सगळ्यात आधी अशा संस्थांची आहे.