दूध बंद केलं की वजन उतरतं का?

डेअरीवर दूध घातलं की हातात पावती पडते : फॅट ३.५, एसएनएफ ८.५. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ही पावती वाचता न येणारं घर विरळा. बारामतीत श्रायबर डायनॅमिक्स, इंदापुरात सोनाई, आणि वाड्या-वस्त्यांवरची संकलन केंद्रं. उसाचं बिल यायला वेळ लागतो. तोवर घर चालतं ते दुधाच्या पगारावर. अशा भागात ‘दूध, दही, तूप, अंडी, मासे, मटण सगळं बंद करा, वजन आपोआप उतरेल’ असं सांगणारा व्हीगन आहार मोबाईलवरून घरात पोचला आहे. पुण्याच्या डॉ. प्रमोद त्रिपाठींच्या ‘फ्रीडम फ्रॉम डायबेटिस’मुळे दुधाविना आहार आणि पालेभाजीची हिरवी स्मूदी मराठी घरांना परिचयाची झाली आहे. हा आहार खरंच पोषक आहे का, आणि त्यानं वजन उतरतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब त्या पावतीवरूनच मांडता येतो.

शंभर ग्रॅम गायीच्या दुधात साडेतीन ग्रॅम फॅट असतं. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे झाल्या साधारण ३२. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. त्यांच्या साडेआठ ग्रॅममध्ये सव्वातीनच्या आसपास प्रथिनं, साडेचार-पावणेपाच ग्रॅम दुधातली साखर आणि उरलेली कॅल्शियमसारखी खनिजं. प्रथिनं आणि साखर यांच्या ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर आणखी तीसेक. दिवसाला अर्धा लिटर दूध पोटात जात असेल तर ते ३००च्या थोड्या वर कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशे-सहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम देतं. म्हशीचं असेल तर कॅलरी दीडपटीपेक्षा जास्त.

दूध बंद केलं की या तीनशे कॅलरी वाचतात, हे खरं. पण दुपारी चारला भूक लागली आणि पन्नास-साठ ग्रॅम फरसाण खाल्लं, की तितक्याच कॅलरी परत आल्या. प्रथिनं-कॅल्शियम मात्र गेलं ते गेलंच. फरसाण व्हीगनच असतं. वडापाव, तेलातली साबुदाण्याची खिचडी, गूळ घातलेला कोरा चहा, रसवंतीवरचा उसाचा रस, हे सगळंच व्हीगन. ग्लासभर रसात तीसेक ग्रॅम साखर सहज जाते. म्हणून ‘व्हीगन आहे’ एवढ्यावरून पदार्थ वजनाला चांगला की वाईट हे कळत नाही.

मग या आहारानं वजन उतरल्याचं लोक सांगतात ते खोटं का? नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे दवाखान्यातच ठेवून प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार, दोन आठवडे भरपूर चरबीचा प्राणिजन्य आहार, आणि दोन्ही वेळा हवं तितकं खायची मुभा. वनस्पतीजन्य आहारावर माणसं रोज सरासरी ६८९ कॅलरी कमी खात होती, आणि तरी उपाशी राहिल्यासारखं त्यांना वाटत नव्हतं. त्या ताटात भाज्या, कडधान्यं, फळं म्हणजे पाणी आणि चोथा भरपूर. त्यामुळे पोट लवकर भरतं. त्यात तेल मात्र फार थोडं होतं. ही अट आपल्याकडे विसरली जाते. आपल्या भाजीला फोडणीला पळीभर तेल आणि वरून मूठभर शेंगदाण्याचं कूट. चहाच्या चमचाभर तेलाला ४५ कॅलरी, तीस ग्रॅम कुटाला १६०-१७०. दूध तसंच ठेवून घरातली तेलाची पळी निम्मी केली, तरी पुष्कळांचं वजन हलेल असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पोषणाचा प्रश्न, आणि तो जास्त महत्त्वाचा. आपल्या भागात शाकाहाराची परंपरा मोठी आहे. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेनं जाते आणि गळ्यात माळ घातलेली कितीतरी घरं मटण-मासे शिवत नाहीत. पण त्यांच्या ताटात ताक असतं, दही असतं. भिगवणकडच्या घरांत उजनीचे मासे शिजतात. या सगळ्यातून मिळणारी आणि वनस्पतीतून न मिळणारी एक गोष्ट म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते जिवाणू तयार करतात. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात आणि दुधातून ते आपल्यापर्यंत येतं. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं. अर्ध्या लिटर दुधात जवळपास तितकं असतं.

आपल्याकडे ही गंगाजळी आधीच आटलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं.  याज्ञिकांनीच दाखवून दिलं की आपला माणूस दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असा असतो. म्हणून काट्यावरच्या आकड्याइतकंच पोटाच्या घेराकडे बघायला हवं : पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा. वजन पाच किलो उतरलं पण त्यात स्नायूच झिजले, तर साखरेच्या रुग्णाचं त्यात नुकसानच आहे.

बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो भरलेला असेल तर काही वर्षं पुरतो. त्यामुळे दूध सोडल्यावर पहिले काही महिने छान वाटतं, आणि मुंग्या येणं, तोल जाणं, थकवा, विसरायला होणं हे मागाहून सुरू होतं. पालेभाज्या भरपूर खाल्ल्यानं फोलेट वाढतं आणि रक्तक्षय लवकर दिसत नाही. नसांची हानी मात्र आत चालूच राहते. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ त्या गोळीनंही घटतं. मधुमेहासाठी दूध सोडणाऱ्यानं हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. बी-१२ साठी आंबील, इडली, स्पिरुलिना यांवर भिस्त ठेवू नये. १९४४ साली स्थापन झालेली इंग्लंडची व्हीगन सोसायटी स्वतःच सांगते की रोज १० किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. आहाराचे पुरस्कर्तेच गोळी सांगत असतील, तर तिला कमीपणा मानायचं कारण नाही.

बाकीचं पुष्कळसं आपल्याच मातीत आहे, आणि मोरगाव-सुप्याच्या जिरायतीत तर जास्तच. साठ किलोच्या बाईला दिवसाला ५०-६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दिवसभरात बाजरी-ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून सोळा-सतरा, मटकी-हुलग्याच्या दोन वाट्या उसळीतून तेरा, वाटीभर घट्ट वरणातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पंधरा. बेरीज साठीच्या जवळ जाते, आणि तेल चार चमचे धरलं तरी कॅलरी पंधराशेच्या आसपास राहतात. उसळ मात्र तोंडी लावण्यापुरती नको. ती वाटी भरूनच घ्यायची. बदामाचं महागडं दूध आणण्यात अर्थ नाही. त्यात प्रथिनं नावालाच असतात.

कॅल्शियमसाठी नाचणी (शंभर ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम), तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. पालकावर विसंबू नये. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात व्हीगन लोकांची हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा ४३ टक्के जास्त आढळलं, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये. बाजरी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला कडधान्याला मोड आणावेत, जेवणावर लिंबू पिळावं किंवा इंदापूरचा पेरू खावा, आणि चहा जेवणानंतर तासाभरानं घ्यावा.

हा आहार सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, सहा महिन्यांनी पुन्हा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजनासाठी हा प्रयोग करू नये. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात, ज्या गरोदर बायकांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती त्यांची बाळं जन्मतः मोठी भरली. आणि ज्या मातांचं बी-१२ कमी, फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं दिसलं.