घरचे पाणी आणि लेकरांचे जुलाब

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्यामागून हजारो बांधव ते पाणी प्याले. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. हक्काने मिळवलेले पाणी निर्मळ राखणे ही आता आपली जबाबदारी आहे, कारण घाण पाण्यानेच लेकरांना जुलाब लागतात.

वस्तीत नळाचे पाइप बरेचदा गटारातून गेलेले असतात. पाणी बंद असताना फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते. फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवून गढूळपणा जातो, जंतू मरत नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. हंडा झाकून ठेवावा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

एवढे करूनही जुलाब लागलेच तर? जुलाबात अंगातले पाणी व क्षार निघून जातात आणि त्यानेच लेकरू दगावते. म्हणून पाणी तोडू नये, उलट जास्त पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. आरोग्य केंद्रातून ओआरएसची पुडी आणावी. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. माप चुकवू नये, जास्त मीठ घातक असते. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप थोडे थोडे पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्यावे. उरलेले पाणी २४ तासांनी फेकून द्यावे.

हा उपाय साधा दिसला तरी मोठा आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचवले.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले, मूल मलूल झाले किंवा पिईनासे झाले, तर तडक दवाखाना गाठावा. दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात एक तासही घालवू नये. बाबासाहेबांनी आपल्याला त्या अंधारातून बाहेर काढले आहे.

पाणी उकळणे, लेकराला पाजणे ही एकट्या आईची कामे नव्हेत. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हे पाणी करून दाखवावे आणि ते करायला बापमाणसांनाही पुढे बसवावे, अशी आमची विनंती आहे.