हाकेच्या अंतरावरचे मैदान

मुलांच्या खेळाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा चटकन क्रीडासंकुलाकडे वळते. भव्य प्रेक्षागृह, आखीव धावपट्टी आणि दर्शनी भागात कोनशिला! पण सात-आठ वर्षांचे पोर हमरस्ता ओलांडून तेथवर जाणार कसे, हे कोणी विचारत नाही.

या बाबतीत हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहराचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मुलांना खेळायला जागा उरली नव्हती. नगररचना खात्यात नोकरीस असलेल्या आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने १९४७ साली एका लहानशा चौकात पहिले क्रीडांगण केले. त्यात होते काय? वाळूचा हौद, काही दगड, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या आणि मोठ्यांसाठी बाके. ते पाहून इतर भागांतील रहिवासीही आपल्याकडे तसेच हवे म्हणून मागणी करू लागले. पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा, रस्त्यांचे कोपरे, असे करीत १९७८ पर्यंत सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. बहुतेकांना कुंपण नव्हते. प्राण्यांचे आकारही त्याने टाळले. साध्या लोखंडी कमानीचा डोंगर करायचा की घर, हे मुलांनी ठरवावे. (आमच्या तालुक्याच्या बागेतील सिमेंटचा हत्ती मात्र हत्तीच राहतो, आणि 'वर चढू नये' अशी पाटीही त्याच्या गळ्यात आहे.)

आपल्याला तर वाळूचा हौदही नको. कबड्डीला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागा पुरते, खो-खोला २७ बाय १६. एवढी जागा बहुतेक वस्त्यांजवळच्या शाळेत असते. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप! आमच्याकडे मुलगे भिंतीवरून उड्या मारून आत जातात. मुली उड्या मारीत नाहीत. माझ्या बरोबरीच्या मुलींचा खो-खो सातवीनंतर सुटला, तो अंगात चपळाई नव्हती म्हणून नव्हे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास आणायचा कोठून?

जागेइतकेच वेळेचेही नियोजन हवे. आमच्या वस्तीत नळाला पाणी संध्याकाळी येते, तेव्हा मुली रांगेत असतात. नेमक्या त्याच वेळी खेळाचा वर्ग ठेवला तर त्यांच्यापुरता तो नसल्यासारखाच. पाणी भरून झाल्यावर, दिव्याच्या उजेडात, दारातून आईला दिसेल अशा जागी खेळ असेल तर घरचे 'नको' म्हणायला सहसा धजत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी श्रमदान करतो. या वर्षी एखाद्या वस्तीतील उकिरड्याची जागा सपाट करून द्यावी, आणि शिबिर संपल्यावरही आठवड्यातून तीन दिवस दोघांनी शिट्टी व फक्की घेऊन तेथे जावे. दोघांपैकी एक विद्यार्थिनी असावी.